रक्ताच्या थेंबाची साक्ष

1. प्रस्तावना

दिल्लीच्या पूर्व भागात, यमुनेच्या काठालगत मयूर विहार ही मोठी वसाहत आहे. तिच्या एका बाजूस उंच इमारती, बाजारपेठा आणि मेट्रोचे पूल आहेत. दुसऱ्या बाजूस नदीचे विस्तीर्ण पूरमैदान आहे. त्या मैदानास तेथील लोक 'खादर' म्हणतात. खादरात भाजीपाला पिकवणारी आणि जनावरे पाळणारी अनेक कुटुंबे राहतात. 13 जुलै 2023 रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी 208.66 मीटरपर्यंत चढली आणि 1978 सालच्या पुराचा 207.49 मीटरचा उच्चांक मागे पडला. त्या वेळी खादरातील अनेक कुटुंबांनी मयूर विहारच्या रस्त्यांकडेला गुराढोरांसह आसरा घेतला होता.

अशा मुक्कामात एखादी शेळी मलूल होऊन चारा सोडते, तेव्हा पशुपालकापुढे मोठा प्रश्न उभा राहतो. तिला पाणी कमी पडले असेल काय? गढूळ पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा मूत्रपिंडास इजा करणारा रोग जडला असेल काय? की तिची लघवीच अडली आहे? बाहेरून पाहता तिन्ही प्रसंगी शेळी सारखीच दिसू शकते. उपचार मात्र तिन्हींचे वेगळे आहेत.

शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात ते उगीच नव्हे. 2019 सालच्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे 14 कोटी 89 लाख शेळ्या होत्या. त्यांपैकी सुमारे 1 कोटी 6 लाख महाराष्ट्रात होत्या. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ या महाराष्ट्रातील नामांकित जाती होत. ज्या घरात बँकेचे खाते रिकामे असते, त्या घरात दावणीचा बोकड हीच ठेव असते. म्हणून शेळीच्या मूत्रपिंडाची परीक्षा हा केवळ वैद्यकाचा विषय राहत नाही, तो घरसंसाराचाही विषय ठरतो.

2. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- शेळीच्या शरीरातील मूत्रपिंडाचे कार्य सांगता येईल.
- क्रिएटिनिन व युरिया या दोन तपासण्यांचा अर्थ स्पष्ट करता येईल.
- हातात मावणाऱ्या रक्त-तपासणी यंत्राचे गुण आणि मर्यादा सांगता येतील.
- यंत्राने दिलेल्या एकाच आकड्याचे वेगवेगळे अर्थ कसे लावावेत, हे समजावून सांगता येईल.

3. मूत्रपिंड : शरीराची चाळणी

शेळीला दोन मूत्रपिंडे असतात. गाईचे मूत्रपिंड द्राक्षाच्या घडासारखे खंडाखंडांचे दिसते. शेळीचे मात्र घेवड्याच्या दाण्यासारखे, गुळगुळीत असते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा, म्हणजे कोठीपोट, डाव्या बाजूस असतो. त्याच्या रेट्याने शेळीचे डावे मूत्रपिंड उजवीकडे सरकलेले असते.

प्रत्येक मूत्रपिंडात नेफ्रॉन नावाचे असंख्य सूक्ष्म घटक असतात. रक्त त्यांतून गाळले जाते. शरीराला हवे ते पाणी व क्षार परत घेतले जातात आणि नको असलेले पदार्थ मूत्रावाटे बाहेर टाकले जातात. रक्त गाळणे हे पहिले काम होय आणि पाणी राखणे हे दुसरे. दुसऱ्या कामात शेळी मोठी तरबेज आहे. सिनाईच्या वाळवंटातील काळी बेदुइन शेळी दोन ते चार दिवसांतून एकदा पाणी पिऊनही तग धरते. परंतु हाच गुण पशुपालकास चकवतो. शेळी तहान बराच काळ सोसते. त्रास दिसू लागतो, तोवर पुष्कळ वेळ निघून गेलेला असतो.

4. दोन साक्षीदार : क्रिएटिनिन आणि युरिया

मूत्रपिंडाचे काम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रक्तात साचलेल्या टाकाऊ पदार्थांवरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. चाळणी बुजली की चाळण्याचा माल वर साठतो, तसाच हा प्रकार आहे.

*क्रिएटिनिन* हा पदार्थ स्नायूंमध्ये रोज जवळजवळ ठरावीक प्रमाणात तयार होतो आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतो. निरोगी शेळीच्या रक्तात तो दर डेसिलिटरला सर्वसाधारणपणे 1 ते 1.8 मिलिग्रॅम असतो. 1886 साली मॅक्स याफे या जर्मन वैज्ञानिकाने पिक्रिक आम्लाच्या साह्याने क्रिएटिनिनला नारिंगी-तांबडा रंग येतो, हे दाखवून दिले. त्याच वर्षी मुंबईत परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. याफेची पद्धत आजही अनेक प्रयोगशाळांत वापरली जाते. मात्र तिच्यात एक दोष आहे. गाभण शेळीला शेवटच्या दिवसांत पुरेसा खुराक मिळाला नाही, तर तिच्या रक्तात कीटोन नावाचे पदार्थ वाढतात. त्यांपैकी एकामुळेही तसाच रंग येतो आणि क्रिएटिनिन उगीचच जास्त दिसते.

*युरिया* हा दुसरा साक्षीदार होय. प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया निघतो आणि यकृत त्याचा युरिया बनवते. माणसात तो मुख्यतः मूत्रावाटे जातो. शेळीच्या शरीरात मात्र त्याचा बराचसा भाग लाळेवाटे आणि कोठीपोटाच्या भिंतीतून पुन्हा पोटात येतो. तेथील सूक्ष्मजीव त्यापासून नवे प्रथिन तयार करतात. कोरड्या कडब्यावरही शेळी जगते, त्यामागे हे एक रहस्य आहे. परंतु यामुळेच शेळीबाबत युरियाची साक्ष कच्ची ठरते. पेंड जास्त खाल्ली तर युरिया वाढतो. उपासमार झाली तर मूत्रपिंड बिघडलेले असूनही तो फारसा चढत नाही. म्हणून शेळीत क्रिएटिनिनवर अधिक भिस्त ठेवली जाते.

येथे एक व्यावहारिक सावधगिरी हवी. काही यंत्रे 'युरिया' मोजून सांगतात, तर काही 'युरिया नायट्रोजन'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरिया नायट्रोजनच्या आकड्यास 2.14 ने गुणले की युरियाचा आकडा मिळतो. एका कागदावर 20 आणि दुसऱ्या कागदावर 43 असे लिहिलेले असले, तरी शेळीची अवस्था एकच असू शकते. आकड्याआधी त्याचे नाव वाचावे, हा पहिला नियम होय.

पाठगत प्रश्न 1

1. शेळीची तहान पशुपालकाच्या लवकर लक्षात का येत नाही?
2. शेळीबाबत युरियापेक्षा क्रिएटिनिनवर अधिक भिस्त का ठेवतात?
3. युरिया नायट्रोजन 30 असेल, तर युरिया किती?

5. प्रयोगशाळा गोठ्यात येते

पूर्वी रक्ताचा नमुना बर्फात ठेवून शहरातील प्रयोगशाळेत पाठवावा लागे. अहवाल येईपर्यंत एक-दोन दिवस जात. दूरच्या वस्तीतील शेळीसाठी तो अहवाल बहुधा उशिराच पोहोचत असे. हातात मावणाऱ्या यंत्रांनी हे अंतर कमी केले.

अशा यंत्रात एक छोटी, एकदाच वापरायची पट्टी किंवा कार्ट्रिज बसवतात. तिच्यात रक्ताचे दोन-तीन थेंब सोडले की आतील विकरे कामास लागतात. युरियाचे विघटन होऊन अमोनियम आयन तयार होतात. क्रिएटिनिनपासून टप्प्याटप्प्याने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. सूक्ष्म विद्युत्-अग्रे त्यांची नोंद घेतात आणि काही मिनिटांत पडद्यावर आकडा उमटतो. काही कार्ट्रिजांमध्ये याच थेंबांतून सोडियम, पोटॅशियम आणि ग्लुकोज यांचीही मोजणी होते. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम फार वाढले तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून हा आकडाही मोलाचा असतो.

नमुना घेण्याचे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाने किंवा त्याच्या देखरेखीखालील प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुवैद्यकीय उपचारांचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. पशुपालकाने शेळीला सावलीत शांत उभे करावे आणि तिचे डोके एका बाजूस वळवून हलकेच धरावे. मानेतील शिरेवरचे केस कापून जागा स्पिरिटने पुसतात आणि निर्जंतुक सुईने रक्त काढतात. तीस किलो वजनाच्या शेळीच्या शरीरात सुमारे दोन लिटर रक्त असते. त्यातील दोन मिलिलिटर घेतल्याने तिला अपाय होत नाही. वापरलेली सुई उघड्यावर टाकू नये.

6. यंत्राच्या मर्यादा

यंत्र खोटे बोलत नाही, परंतु त्याला काय विचारले आणि कोठे विचारले, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते.

पहिली मर्यादा हवामानाची. 'आय-स्टॅट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचे उदाहरण घेता येईल. ते 16 ते 30 अंश सेल्सिअस तापमानातच चालते. त्याची कार्ट्रिजे 2 ते 8 अंशांवर शीतपेटीत जपावी लागतात. दिल्लीत जूनच्या दुपारी पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि जानेवारीच्या पहाटे तो 10 अंशांखाली उतरतो. दोन्ही वेळी उघड्या खादरात असे यंत्र काम नाकारते. म्हणून तपासणी एखाद्या खोलीत, नाहीतर योग्य तापमान राखलेल्या वाहनात करावी लागते.

दुसरी मर्यादा प्राण्याची. यांतील बरीच यंत्रे मूळात माणसाच्या रक्तासाठी बनवली गेली. माणसाच्या तांबड्या पेशीचा व्यास 7 ते 8 मायक्रोमीटर असतो. शेळीची पेशी त्याच्या निम्म्याहूनही लहान असते. पाळीव सस्तन प्राण्यांत तीच सर्वांत लहान होय. एका प्राण्यासाठी पारखलेले यंत्र दुसऱ्यासाठी तितकेच अचूक असेल, असे गृहीत धरता येत नाही. यंत्रासोबत छापून आलेली 'सामान्य' मर्यादा माणसाची किंवा कुत्र्याची असली, तर ती शेळीस लावणे ही चूक ठरते. त्याच यंत्रावर निरोगी शेळ्या तपासून त्यांच्याशी तुलना करणे, हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. मूत्रपिंडाची राखीव शक्ती फार मोठी असते. सुमारे तीन-चतुर्थांश नेफ्रॉन निकामी होईपर्यंत क्रिएटिनिन सामान्य मर्यादेच्या फारसे बाहेर जात नाही. आकडा उशिरा बोलतो. तो वाढलेला दिसला तर बिघाड आहे, हे समजते. तो वाढलेला दिसला नाही म्हणून सारे ठीक आहे, असे मात्र समजता येत नाही.

7. एक आकडा, तीन अर्थ

समजा, एकाच सकाळी तीन जनावरांची तपासणी झाली आणि तिघांचेही क्रिएटिनिन 3.2 आले. आकडा एकच आहे. आता प्रत्येकाची हकीकत पाहू.

*पहिली शेळी* दोन दिवस हगवणीने बेजार आहे. तिचे डोळे खोल गेले आहेत. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच पूर्ववत होत नाही. तिची लघवी थोडी आणि गडद आहे. रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर लघवीचे विशिष्ट गुरुत्व 1.042 भरले. याचा अर्थ मूत्रपिंड पाणी राखण्याचे काम चोख करीत आहे. त्याच्याकडे रक्तच कमी पोहोचते आहे. या शेळीला पाणी आणि सलाइन हवे. दुसऱ्या दिवशी तिचे क्रिएटिनिन 1.5 वर उतरले, तर निदान पक्के होते.

*दुसरी शेळी* आठवडाभर मलूल आहे. तिची लघवी पाण्यासारखी फिकी आहे. विशिष्ट गुरुत्व 1.010 भरते आणि तपासणीच्या पट्टीवर प्रथिन दिसते. शरीरात पाणी कमी असूनही मूत्र दाट होत नाही. म्हणजे चाळणीच बिघडली आहे. सलाइन देऊनही आकडा न उतरल्यास तिची आशा कमी असते. तहानलेल्या जनावरास वेदनाशामक औषधे मनाने दिल्यानेही असा बिघाड होऊ शकतो. म्हणून औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

*तिसरा बोकड* आहे. बकरी ईदच्या बाजारासाठी त्याला महिनाभर भरपूर धान्याचा खुराक दिला होता आणि लहानपणीच त्याचे खच्चीकरण झाले होते. तो मागचे पाय ताणून उभा राहतो, कुंथतो, शेपटी हलवतो आणि ओरडतो. घरातील लोकांना वाटते, त्याला बद्धकोष्ठ झाले आहे. परंतु लेंड्या पडल्या आहेत. लघवीचा मात्र थेंबही नाही. धान्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी असते. त्यामुळे लघवीत खडे तयार होतात. बोकडाचा मूत्रमार्ग अरुंद व नागमोडी असतो. त्याच्या टोकाशी किड्यासारखा बारीक भाग असतो आणि खडा बहुधा तेथे किंवा वळणावर अडकतो. फार लवकर खच्चीकरण केल्यास हा मार्ग पुरेसा रुंदावत नाही. येथे मूत्रपिंड मुळात निरोगी आहे. बंद झाले आहे ते बाहेर जाण्याचे दार. ते उघडले नाही, तर एक-दोन दिवसांतच मूत्राशय किंवा मूत्रमार्ग फुटू शकतो. मूत्राशय फुटले की कुंथणे थांबते आणि जनावर क्षणभर शांत दिसते. घरच्यांना वाटते, आराम पडला. पोट मात्र हळूहळू फुगू लागते. अशा वेळी पोटातील द्रव काढून त्याची तपासणी करतात. त्यातील क्रिएटिनिन रक्ताच्या दुप्पट किंवा अधिक असले, तर तो द्रव मूत्र आहे, हे सिद्ध होते.

या तिसऱ्या उदाहरणातून आणखी एक धडा मिळतो. लघवी अडून थोडेच तास झाले असतील, तर क्रिएटिनिन अगदी सामान्य असू शकते. म्हणून कुंथणाऱ्या बोकडासाठी यंत्राची वाट पाहत बसू नये. आकडा काहीही येवो, लघवी बंद असणे हीच तातडीची खूण होय. लघवी सुटावी म्हणून मूत्रल औषध घरी देणे तर घातकच आहे. दार बंद असता आतील पाणी वाढवण्यासारखे ते होते.

तीन जनावरे, तीन हकिकती आणि एकच आकडा. केवळ आकडा वाचून, जनावराजवळ न जाता उपचार सांगणे, यासाठी मराठीत फार जुना वाक्प्रचार आहे : उंटावरून शेळ्या हाकणे. यंत्र हाताशी आले म्हणून उंटावरून उतरण्याची गरज संपत नाही.

8. पशुपालकाची साक्ष

यंत्र जे सांगू शकत नाही, ते पशुपालक सांगू शकतो. शेळीने शेवटचे पाणी कधी प्यायले, लघवी केव्हा केली, तिचा रंग कसा होता, खुराक कधी बदलला, कोणते औषध दिले, या पाच प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडेच असतात. बसलेली शेळी उठताच बहुधा लघवी करते. त्या क्षणी स्वच्छ वाटी धरली तर नमुना सहज मिळतो. ही वाटीभर लघवी रक्ताच्या आकड्याला अर्थ देते.

प्रतिबंधाचे उपायही त्याच्याच हाती आहेत. स्वच्छ पाणी सदैव समोर असावे आणि हिवाळ्यात ते फार गार नसावे. मीठ किंवा क्षारांची वीट चाटायला ठेवावी. वाळलेला व हिरवा चारा मुख्य असावा, धान्य बेताने द्यावे. आहारात कॅल्शियमचे प्रमाण स्फुरदाच्या सुमारे दुप्पट राखावे. खच्चीकरणाचे वय पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकास 1962 या क्रमांकावर बोलावता येते.

शेवटी एक कठीण गोष्ट. काही वेळा तपासणी आशा देत नाही. उपचाराचा खर्च करूनही जनावर वाचणार नाही, हे कळणे दुःखदायक असते; परंतु ते वेळेवर कळले, तर कुटुंब कर्जात उतरत नाही आणि मुक्या जिवाच्या यातना लांबत नाहीत. आजारी, औषधे टोचलेला बोकड घाईने बाजारात विकणे हा मात्र यावरचा मार्ग नव्हे. औषधांचा अंश मांसात उरतो आणि फसवणूक दुसऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचते. पशुवैद्यकाने सांगितलेला काळ उलटेपर्यंत थांबणे हेच योग्य.

रक्ताचा थेंब साक्ष देतो. निवाडा मात्र माणसाला करावा लागतो.

पाठगत प्रश्न 2

1. क्रिएटिनिन सामान्य असूनही मूत्रपिंड बिघडलेले असू शकते, असे का?
2. मूत्राशय फुटल्याची खात्री कशी करतात?

9. तुम्ही काय शिकलात

- क्रिएटिनिन व युरिया यांच्या प्रमाणावरून मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज येतो.
- हातात मावणारे यंत्र काही मिनिटांत आकडा देते. परंतु तापमान, प्राण्याची जात आणि योग्य मर्यादा यांचे भान ठेवावे लागते.
- पाण्याची कमतरता, मूत्रपिंडाचा रोग आणि लघवीचा अडथळा या तिन्हींत एकच आकडा येऊ शकतो. लघवीची तपासणी आणि पशुपालकाची माहिती यांवरून खरे कारण कळते.
- लघवी बंद असलेल्या बोकडास तत्काळ उपचार हवेत.

10. शब्दार्थ

मलूल – निस्तेज. भिस्त – भरवसा. विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. मूत्रल – लघवी वाढवणारे. खच्चीकरण – नराची प्रजननशक्ती नाहीशी करणे. स्फुरद – फॉस्फरस. निवाडा – निर्णय.

11. स्वाध्याय

1. 'रक्ताच्या थेंबाची साक्ष' हे शीर्षक कितपत समर्पक आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
2. तिसऱ्या बोकडाच्या घरच्यांची कोणकोणती समजूत चुकली? ती कशी टाळता आली असती?
3. 'उंटावरून शेळ्या हाकणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून तो तुमच्या व्यवसायातील एखाद्या प्रसंगाच्या वर्णनात वापरा.
4. तुमच्या परिसरातील एखाद्या शेळीपालकाशी बोलून उन्हाळ्यातील पाण्याच्या व्यवस्थेविषयी दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

*प्रश्न 1 :* 1. शेळी तहान बराच काळ सोसते, त्यामुळे त्रास उशिरा दिसतो. 2. युरियाचा बराच भाग पुन्हा पोटात वापरला जातो आणि आहारानुसार तो कमीजास्त होतो. 3. सुमारे 64.

*प्रश्न 2 :* 1. सुमारे तीन-चतुर्थांश नेफ्रॉन निकामी होईपर्यंत आकडा फारसा वाढत नाही. 2. पोटातील द्रवाचे क्रिएटिनिन रक्तातील क्रिएटिनिनच्या दुप्पट किंवा अधिक आहे काय, हे पाहून.